दशांशरावांनी मोजलेली डोकी

विद्यापीठाच्या पगार विभागात त्यांना सगळे दशांशराव म्हणत. चार पैशांचा फरक आला तरी हा गृहस्थ जेवणाचा डबा उघडा टाकून फायली उपसत बसे. बायको म्हणे, "यांना पिशवी घेऊन येताना पाहिलं की भाजीवालाच घाबरतो."

संगणकावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. पगाराची यादी झाली की ते डोकी मोजत. गेल्या महिन्यातली माणसं, त्यात नवी मिळवायची, निवृत्त झालेली वजा करायची. जुळलं की छाती फुगवून म्हणत, "डोकी जुळली! आता देवालाही चूक सापडायची नाही."

या महिन्यात एक प्राध्यापक तेवढे निवृत्त झाले होते. एक डोकं कमी हवं होतं, एकच कमी भरलं. वित्त अधिकारी मॅडमची सहीही झाली. यादी चारच्या आत बँकेत पोचायला हवी. नाहीतर सगळ्यांचेच पगार चार दिवस लांबणार.

तीन वीसला दशांशरावांची नजर एकूण रकमेवर गेली आणि हातातला चहा हिंदकळला. प्राध्यापक गेले म्हणजे रकमेला भगदाड पडायला हवं. इथे नुसता टवका उडाला होता!

प्राध्यापकांचं आणि बागेतल्या माळ्याचं नाव-आडनाव एकच. दशांशरावांनी धडधाकट माळ्याला निवृत्त करून टाकलं होतं. घरमालकाने त्या माळ्याला उद्यापर्यंतची मुदत दिली होती. भाडं आलं नाही तर सामान रस्त्यावर. कालच तो सांगून गेला होता.

ते धडधडत तीन जिने उतरले. मॅडम बैठकीला निघाल्या होत्या, एक पाय गाडीत.

"मॅडम, यादीत चूक झालीय. प्राध्यापकांऐवजी माळ्याचं नाव काढलंय. बदलायला हवी."

"आत्ता? माळ्याला पुढच्या महिन्यात थकबाकी द्या. चौदाशे पगार अडकले तर माझ्या दारात मोर्चा येईल."

"त्याचं बिऱ्हाड उद्या रस्त्यावर येईल हो!"

मॅडमनी पाय बाहेर काढला. "मग चूक कुणाची ते लेखी द्या. सेवापुस्तकात नोंद होईल. अठ्ठावीस वर्षांतली पहिलीच ना?"

गाडीच्या टपावर कागद टेकवून दशांशरावांनी लिहिलं, 'चूक सर्वस्वी माझी.' खाली तारीख आणि वेळ घालायलाही चुकले नाहीत.

वर येऊन प्राध्यापकांना काढलं, माळ्याला बसवलं. छपाईच्या यंत्राने नेमका शेवटचा कागद गिळला. दशांशरावांनी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मॅडम पेन उघडून शेजारी उभ्या. "आटपा हो, पाचच मिनिटं राहिली!"

तीन अठ्ठावन्नला सहीची यादी स्कॅन होऊन गेली. बँकेची पोच आली.

दशांशराव खुर्चीत कोसळले. घाम पुसून त्यांनी माळ्याला फोन लावला.

"अरे, उद्या तुझा पगार नक्की जमा होणार."

"होणारच की, साहेब. दर महिन्याला होतो. आज हपिसात काही काम नाही वाटतं?"