सर्जापूर रोडवर तापलेला ट्रक

माझी शेवटची पोस्टिंग माझ्याच गावात झाली, बेंगळुरूला. फौजेत असं नशीब क्वचित कुणाचं. आमचं घर यशवंतपूरला, कित्येक पिढ्यांचं. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड. मी नायब सुभेदार, व्हेईकल मेकॅनिक. रोज सकाळी फर्स्ट परेड असे, म्हणजे प्रत्येक ड्रायव्हरनं आपल्या गाडीखाली वाकून तेल-पाणी गळतंय का ते बघायचं. जो नुसतं वाकल्याचं नाटक करी, त्याला मी सरळ गाडीखाली झोपायला लावत असे. माझ्या तोंडी लागायला कुणी धजत नसे, आणि ते बरंच होतं.

एका दुपारी लान्स नायक मुनिराजूचं पार्थिव विमानानं आलं. आनेकल तालुक्यातला मुलगा, आमच्यासारखाच गाड्यांतला, ड्रायव्हर. उत्तरेकडच्या सीमेवर बर्फाचा कडा अंगावर कोसळून गेला. मी त्याला कधी पाहिलेलं नव्हतं. त्याचा थोरला भाऊ नागराज न्यायला आला होता. त्यानं आमच्या कॅप्टनसाहेबांना एवढंच सांगितलं, "अम्मा म्हणतात, उजेडात बघायचंय. अंधार पडायच्या आत पोचवा." घरात वीज नव्हती असं नाही. पण मुलाचा चेहरा शेवटचा बघायचा तो दिव्याखाली नाही, असं त्या माउलीनं ठरवलं होतं. मला ते एकदम पटलं.

फुलांनी सजवलेला अडीच टनी ट्रक, पुढे साहेबांची जिप्सी. ट्रकवर नायक बालाजी, नांदेडचा. शेजारी मी आणि नागराज. सर्जापूर रोडला लागलो तर मुनिराजूचे मित्र मोटरसायकली घेऊन उभे. त्यांनी ट्रकच्या तोंडावर त्याच्या फोटोचा भला मोठा फ्लेक्स बांधला, वरून झेंडूचे हार. अशा वेळी कोण नको म्हणणार? मग ते पुढे, आम्ही मागे, चालण्याच्या वेगानं.

थोड्या वेळानं गोडसर वास आला. कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, गळून गरम लोखंडावर पडलं की असा वास येतो. तापमानाचा काटा लाल पट्ट्याला टेकला होता.

"बालाजी, बाजूला घे. इंजिन बंद."

वायरलेसवर साहेब आले. "का थांबलात? ओव्हर."

"कूलंट लीक आहे, सर. ओव्हर."

"दुसरी गाडी मागवू?"

"ती येईपर्यंत अंधार होईल, सर. आणि भर रस्त्यात पेटी हलवायची नाही. मी बघतो. ओव्हर."

रेडिएटरच्या वरच्या होजची, रबरी नळीची, क्लिप ढिली झाली होती. बालाजी घाईघाईनं झाकणाला हात घालायला गेला.

"सिक लीव्ह हवीय का? उकळतं पाणी तोंडावर येईल. थांब."

थांबणं हेच सगळ्यात अवघड होतं. नागराज सारखा आभाळाकडे बघत होता आणि मला त्याच्याकडे बघवत नव्हतं. समोरच्या अपार्टमेंटमधून लोक पाण्याचे कॅन घेऊन खाली आले. एक पुण्याची मुलगी म्हणाली, "काका, फिल्टरचं पाणी आहे, चालेल ना?"

"चालेल की. ट्रक नखरे करत नाही."

इंजिन निवल्यावर क्लिप आवळली, पाणी भरलं, आत अडकलेली हवा बुडबुड्यांतून निघून जाऊ दिली. निघालो. जरा पुढे गेलो नाही तोच काटा पुन्हा वर.

"हेड गॅस्केट गेलं, साहेब," बालाजी म्हणाला.

"आधी हात लावून बघ, मग मोठ्या रोगाचं नाव घे."

खरंच गॅस्केट गेलं असतं तर रस्त्यावर काही करता येत नव्हतं. पण घाबरून इंजिन दुरुस्त होत नाही. इंजिन चालू ठेवून मी एकेक गोष्ट पाहिली. खाली जमीन कोरडी, म्हणजे गळती थांबलेली. पाण्याची पातळी तीच. वरचा होज गरम, खालचाही गरम, म्हणजे पाणी फिरतंय. पंखा जोरात फिरतोय. पाणी आहे, फिरतंय, पंखा आहे. मग राहिली फक्त हवा. मी पुढे गेलो.

इंजिन बंद असताना सैल लोंबणारा तो फ्लेक्स आता पंख्यानं आत ओढून धरला होता. जाळीला असा चिकटला होता की मुनिराजूच्या चेहऱ्यावर तिच्या पट्ट्या उमटल्या होत्या. रेडिएटरला वारा म्हणून लागतच नव्हता.

हे काढायला हवं होतं, पण माझा हात होईना. मित्र गोळा झाले होते. एक जण कन्नडमध्ये तडकून म्हणाला, "फोटोला हात लावायचा नाही, सर." त्याचा राग मला समजत होता.

मी नागराजला म्हणालो, "अण्णा, यानं इंजिनाचा श्वास कोंडलाय. तुम्ही सांगाल तसं करू."

तो फोटोकडे बघत म्हणाला, "आयुधपूजेला आम्ही ट्रॅक्टरला हार घालायचो. पूजा झाली की जाळीवरचे हार पहिल्यांदा हाच काढायचा. आम्हाला रागवायचा." आणि मित्रांकडे वळून म्हणाला, "बिच्चि." सोडा.

ज्यानं मला अडवलं होतं त्यानंच गाठी सोडल्या. मी म्हटलं, "आता तुम्ही पुढे सुटा. आम्हाला वारा लागू दे." बालाजीनं ट्रक पळवला. काटा खाली आला आणि खालीच राहिला. मी सगळा वेळ त्याच्यावरच डोळा ठेवून बसलो.

पोचलो तेव्हा नारळीच्या शेंड्यांवर ऊन होतं. अंगणात पेटी ठेवली, झाकण उघडलं. आई आल्या. रडल्या नाहीत. खाली बसून त्यांनी त्याचा चेहरा नीट न्याहाळला, बर्फातल्या उन्हानं करपलेल्या गालावर हात ठेवला आणि शेजारणीला म्हणाल्या,

"स्वल्प कप्पागिद्दाने."

थोडा काळवंडलाय.

सुट्टीवर घरी आलेल्या मुलाला आई म्हणते तसंच म्हणाल्या. मग बिगुल वाजलं. मी सॅल्यूट केला आणि मला रडू आलं. लान्स नायक मुनिराजूला मी त्याच दिवशी पहिल्यांदा पाहिलं, आईच्या हाताखाली, उजेडात.