दिल्ली सांगून रशियाला

खोटं बोलायची कल्पना बाबांची होती. बोलले मात्र मी, आणि फार सफाईनं बोलले.

मी नागपूरला रशियन शिकत होते. आमच्या मॅडमनी रशियातल्या एका विद्यापीठात एका सत्रासाठी माझं नाव पाठवलं आणि माझी निवड झाली. फेब्रुवारीत जायचं, जूनमध्ये परत यायचं. बाबा गोंदियाच्या एका राईस मिलमध्ये वजनकाट्यावर असतात. मी फोन केला तेव्हा ते आधी खूप हसले, मिलमधल्या दोघा-तिघांना तिथल्या तिथं ओरडून सांगितलं, आणि मग एकदम आवाज खाली आणून म्हणाले, "वैनीले नको सांगू. दिवसभर मोबाइलवर लढाईच पाहून राहते. रशिया म्हटलं का अन्न सोडन."

वैनी म्हणजे माझी मोठी आई, बाबांच्या मोठ्या भावाची बायको. मी सहा वर्षांची असताना आई गेली आणि मोठ्या आईनं मला आपल्या ताटात ओढलं. तिला मूलबाळ नाही. मला शाळेत घालणं, माझ्या उवा काढणं, उलट बोलले की पाठीत धपाटा घालणं, हे सगळं तिचंच खातं. तिच्याशी खोटं बोलणं सोपं नव्हतं, पण जायची हाव इतकी होती की मी तिच्या डोळ्यांत बघून सांगितलं, "दिल्लीले कोर्स आहे, चार महिन्यांचा."

"दिल्लीले?" ती म्हणाली. "बरं."

डिसेंबरभर मी सुट्टीच्या दिवशी घरी येऊन तयारी करत होते. तलावाच्या पाळीवर फिरत रशियन वाक्यं मोठमोठ्यानं म्हणायचे. पाळीवरून जाणाऱ्या बायांना वाटायचं पोरगी इंग्रजी झाडून राहिली. नागपूरला तिबेटी लोकांच्या दुकानांतून मी जाड कोट, लोकरीचे मोजे आणि गुडघ्यापर्यंतचे बूट आणले. मोठ्या आईनं तो कोट हातात तोलून पाहिला. "दिल्लीत एवढी थंडी पडते?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "धुकं असते ना." तिनं कोटाची सैल झालेली दोन बटणं पक्की करून दिली आणि पुढं काही विचारलं नाही.

माझा पासपोर्ट व्हिसासाठी मुंबईला एका एजंटकडे गेला होता. परत पाठवायला पत्ता मी गावचा दिला, हा माझा शहाणपणा. होस्टेलवर कुरियर हरवतं असं ऐकलं होतं. शुक्रवारी माझं विमान होतं आणि त्याच्या आधीच्या शनिवारी एजंटचा मेसेज आला की पाकीट तीन दिवसांपूर्वीच पोहोचलंय. मी तेव्हा घरीच होते. घरात पाकीट नव्हतं.

कुरियरवाल्याला फोन लावला तर तो म्हणाला, "दे दिया था मॅडम. घर पे दिया होगा, नहीं तो चौक की दुकान पे. इतना याद नहीं रहता." चौकातल्या दुकानदारानं सगळी फडताळं उघडून दाखवली. शेजारच्या चार घरी विचारून झालं. घरात मोठ्या आईला विचारताना मात्र जीभ अडली. पासपोर्ट म्हटलं असतं तर दिल्ली तिथंच संपली असती. मी विचारलं, "कॉलेजचं पत्र आलं का वं माझं?"

"नाही," ती म्हणाली. "पत्र नाही आलं."

रविवार गेला. सोमवारी मी बाबांच्या मागं मोटरसायकलवर बसून गोंदियाच्या कुरियर ऑफिसात गेले. तिथल्या माणसानं रजिस्टर फिरवून दाखवलं. सही म्हणून एक आडवी रेघ होती, कुणाचीही असू शकेल अशी. परतताना मी बाबांवर तोंड सोडलं. सगळं तुमच्यामुळे, तुमच्या त्या लपवाछपवीमुळे, म्हणून. बाबांनी गाडी थांबवली नाही. नवा पासपोर्ट, नवा व्हिसा म्हणजे महिना-दीड महिना, आणि मॅडमनी सांगून ठेवलं होतं की पहिल्या आठवड्यात हजर झालं नाही तर जागा दुसऱ्याला जाईल.

मंगळवारी दुपारी बाबा पोलीस ठाण्यात हरवल्याची तक्रार द्यायला निघून गेले. मोठी आई अंगणात लाखोरीची पालेभाजी खुडत बसली होती. शेजारी मोबाइल पोत्याला टेकवून ठेवला होता आणि त्यात कुठल्या तरी पडक्या इमारतीतून धूर निघत होता. मी पायरीवर बसले आणि मला रडू फुटलं. लाज सोडून, नाक वाहेपर्यंत रडले.

"एका पत्रासाठी?" तिनं विचारलं.

मी थकले होते. सगळं ओकून टाकलं. पत्र नाही, पासपोर्ट आहे. दिल्ली नाही, रशिया आहे. कोट रशियासाठी आहे, पाळीवर बडबडायचे ती भाषा रशियन आहे, दोन वर्षं तीच शिकतेय, आणि शुक्रवारी विमान आहे. बाबांचं नाव मी घेतलं नाही. तेवढी तरी बुद्धी शाबूत होती.

तिनं मोबाइलकडं पाहिलं. "हेच का रशिया? हे बम टाकून राहिले ते?"

"मी जातो तिथं नाही पडत. लांब आहे."

"किती लांब?"

मी म्हटलं, "लांब आहे. पण कधी कधी तिथंही हल्ल्याचा भोंगा वाजते म्हणतात."

ती बराच वेळ पानं खुडत राहिली. मला वाटलं, आता ही बाबांशी भांडेल, मला कोंडून घालेल. तिनं मोबाइल बंद केला, हात धुतले, पडवीतला विळा घेतला आणि आतल्या खोलीत गेली. मी मागोमाग गेले.

आतल्या खोलीत बियाण्याची ढोली आहे. ढोली म्हणजे बांबूची विणलेली, शेणामातीनं लिंपलेली उंच कणगी. धान निघालं की पुढच्या वर्षाचं बियाणं तिच्यात भरायचं, तोंडावर झाकण ठेवून शेणानं लिंपून टाकायचं, आणि मेअखेर रोहिणी नक्षत्र लागेपर्यंत हात लावायचा नाही. मध्येच फोडलं तर बियाणं बाटतं, असं आमच्या घरी मानतात. म्हणूनच ज्याला कुणाचा हात लागू नये असं वाटतं ते आमच्याकडे त्या धानात जातं. आईच्या बांगड्या तिथंच असतात, शेताचे कागदही. एका वर्षी घरात खायचं धान संपत आलं असतानाही मोठ्या आईनं ढोली आधी उघडू दिली नव्हती. ती मोठ्या बाबांशी, म्हणजे आपल्या नवऱ्याशी, त्यावरून दोन दिवस बोलली नव्हती.

तिनं विळ्याच्या टोकानं वाळलेलं शेण फोडलं. ढलप्या तिच्या पायावर पडत होत्या. झाकण काढून तिनं कोपरापर्यंत हात धानात घातला आणि कुरियरचं पाकीट बाहेर काढलं.

मी ओरडले, "तुह्याजवळ होता? इतके दिवस? मी मरून राहिली होती अन् तू भाजी खुडून राहिली होतीस?"

"तो पोरगा म्हणाला, मावशी, पासपोर्ट आहे, जपून ठेवा. मी ढोली फोडून त्यात ठेवला, परत लिंपली. माझा भाचा दुबईले गेला होता, पासपोर्ट काय असते मले मालूम आहे. दिल्लीले जाले पासपोर्ट कायले लागते?" ती धापा टाकत होती. "तू इचारलंस, पत्र आलं का. पत्र नव्हतं आलं. मंग वाट पाहत बसलो, पोरगी खरं कधी बोलते."

"माझं विमान चुकलं असतं!"

"चुकलं असतं," ती म्हणाली. "अन् न सांगता गेली असतीस, तिथं काही झालं असतं, तर मी इथं दिल्लीच्या बातम्या पाहत बसलो असतो."

माझा राग जागच्या जागी विझला. मला तिच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटलं आणि तिला गदागदा हलवावंसंही वाटलं. दोन्ही केलं नाही. ती परत शेण कालवायला बसली होती. मी तिला पाणी आणून दिलं.

शुक्रवारी नागपूरहून दिल्ली आणि दिल्लीहून पुढं. पोहोचले तेव्हा उणे अठरा होतं. नाकातले केस ताठ होतात हे कुठल्याच पुस्तकात लिहिलेलं नव्हतं. पहिले तीन दिवस मी नुसती चुकत होते. दुकानात मीठ समजून सोडा घेतला, ट्राममधून उलट्या दिशेला गेले, वर्गातल्या बाईंचं बोलणं पूर्ण कळायच्या आत त्या पुढच्या पानावर गेलेल्या असायच्या. नागपुरात मी वर्गात पहिली होते. इथं मला 'हळू बोला' एवढंच धड येत होतं, आणि ते म्हणायची मला लाज वाटत होती.

चौथ्या दिवशी, सकाळच्या तासाला, भोंगा वाजला. मला आधी वाटलं मिलचा आहे. बाईंनी खडू ठेवला, कोट घ्या म्हणाल्या आणि आम्हाला तळघरात नेलं. तिथं पाइपांखाली लांब बाकं होती. बाईंनी तिथंच पुस्तक उघडून तास पुढं सुरू केला. मी वहीत एकच शब्द तीनदा लिहिला. दोन तासांनी आम्हाला वर सोडलं. काही पडलं नव्हतं. भोंगा वाजला की तिथं नेट बंद करतात, ते दुपारपर्यंत बंदच होतं.

नेट आलं तसा बाबांचा मेसेज दिसला. त्यांनी मिलमध्ये कुणाच्या तरी मोबाइलवर शहराचं नाव ऐकलं होतं. 'बरी आहेस ना? लगेच कळव. वैनीले काही सांगू नको.'

मी त्यांना 'बरी आहे' लिहिलं. तेवढ्यात मोठ्या आईचाच फोन आला.

"जेवलीस?"

"जेवली."

"काही झालं का तिकडं?"

नाही म्हणणं किती सोपं होतं. माझा आवाजही नीट होता.

"भोंगा वाजला," मी म्हटलं. "आम्ही सगळे तळघरात बसलो दोन तास. पडलं काही नाही."

पलीकडून बैलाच्या गळ्यातली घंटा तेवढी ऐकू येत होती.

"भेव लागला?"

"हो. लय."

"मलेही लागून राहिला." तिनं नाक ओढलं. "बरं केलंस सांगितलंस. आता असंच सांगत जाजो, काही असलं तरी." मग ती फोनच्या अगदी जवळ येऊन, घरात कुणी ऐकत असल्यासारखी पुटपुटली, "पन तुझ्या बाबाले नको सांगू. त्याच्यानं सोसवत नाही."

मी म्हटलं, "नाही सांगत."