मी बेलापूरचा भात बंद केला

माझी सून आल्यागेल्याला सांगते, आमच्या सासूबाई एके काळच्या फार हुशार नर्स. ती आत चहा टाकतेय तोवर खरं काय ते सांगून टाकते. असा गाढवपणा केलाय मी, की आजही आठवला की एकटीच मान खाली घालते.

साठ सालच्या आसपासची गोष्ट. नवी मुंबई हे नावसुद्धा तेव्हा कुणी ऐकलं नव्हतं. बेलापूर म्हणजे खाडी, मिठागरं आणि नजर पोहोचेल तिथवर भातशेती. मी साताऱ्याकडची. नर्सिंगचा कोर्स संपवून तिथल्या आठ खाटांच्या दवाखान्यात नुकतीच लागले होते. वय वीस, आणि आपल्याला सगळं येतं याची खात्री चाळीस वर्षांच्या मेट्रनएवढी.

दवाखाना डॉक्टर सुमतीबाईंचा. पस्तिशीच्या, किडकिडीत, चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली. बोलायच्या फार कमी. पण हात काय होता बाईंचा! पोट उघडून आत काम करताना बघितलं की वाटायचं, आत कुणीतरी झोपलंय आणि बाई त्याची झोप मोडू देत नाहीयेत.

हातमोजे तयार करणं माझ्याकडे. एकदा वापरून फेकायची चैन तेव्हा नव्हती. रबरी मोजे धुवायचे, वाळवायचे, फुगवून भोक पडलंय का बघायचं, मग एकमेकांना चिकटू नयेत म्हणून पावडर लावायची आणि ड्रममध्ये भरून वाफेवर निर्जंतुक करायचे. पावडर मी अगदी सढळ हातानं लावायची. आणि सुमतीबाई काय करायच्या? मोजे हातात चढवले की सलाइनच्या भांड्यात हात बुडवून सगळी पावडर धुऊन टाकायच्या. वर ओल्या फडक्यानं एकेक बोट पुसायच्या.

माझ्या जिवाला लागायचं. एक दिवस धीर करून विचारलं, "बाई, पावडर बरी नाही का?"

"पावडर बरी आहे. पोटात राहिली तर चिकटतं," त्या म्हणाल्या.

मी मान डोलावली. काय चिकटतं, कशाला चिकटतं, हे विचारायला नको? पण विचारलं तर हिला येत नाही असं दिसेल ना. तिथंच घोडं अडलं.

मग मंजुळा आली. गावातलीच, आगरी घरातली, तेवीस-चोवीस वर्षांची. लग्नाला सहा वर्षं झालेली, मूल नाही, आणि पोटात नारळाएवढी गाठ. बरोबर सासू गंगाबाई. मुलाचं दुसरं लग्न लावा म्हणून नातेवाईक मागे लागलेले. गंगाबाईनं सगळ्यांना दारातूनच परत पाठवलं होतं. मला म्हणाली, "मना हीच सून पायजे. तुमी हिचं प्वाट बरं करा, मंग देव काय द्यायचं त्ये देल."

गाठ एका बाजूच्या बीजकोषाची होती. दुसरी बाजू चांगली. सुमतीबाईंचा सगळा जीव त्या चांगल्या बाजूत. कोरडा बोळा म्हणून आत जाऊ दिला नाही. प्रत्येक फडकं कोमट सलाइनमध्ये भिजवून, पिळून द्यायचं. रक्त टिपायचं तेही अलगद दाबून, घासून नाही. आतडी ओल्या फडक्याखाली झाकलेली. चांगल्या बाजूच्या बीजनळीला तर त्यांनी चिमटा लावलाच नाही, बोटाच्या पेरानं हळूच बाजूला सारली. पाऊण तासाचं काम दोन तास चाललं. भूल द्यायला पनवेलहून आलेले डॉक्टर दोनदा घड्याळाकडे बघून खाकरले.

बाई मान वर न करता म्हणाल्या, "गाठ काढायला वेळ लागत नाही, डॉक्टर. मागे काही चिकटू नये, त्याला लागतो."

पुन्हा तेच. चिकटू नये. मी पुन्हा मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई आल्या आणि म्हणाल्या, "हिला उठवून चालव." मी शिकले त्या इस्पितळात पोटाचा पेशंट आठ दिवस कुशीवरसुद्धा वळवायचे नाहीत. गंगाबाई तर खाटेच्या आडवी उभी राहिली. "काल प्वाट कापलंय पोरीचं. टाकं तुटलं मंजी?"

"टाके माझे आहेत, तुटणार नाहीत," बाई म्हणाल्या. "झोपून राहिली की आतडी सुस्तावतात, पायातलं रक्त साखळतं. चालली की आतलंही हालतं, चिकटायला फावत नाही."

मंजुळेनं सासूकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, दात आवळले आणि उठली. एका हातानं पोट धरून, दुसरा माझ्या खांद्यावर. खिडकीपर्यंत नऊ पावलं. कपाळावर घाम, पण तोंडातून हूं नाही. खिडकीशी पोहोचल्यावर म्हणाली, "बाय, आता परत बी जावं लागल का?" ही बाई मला तेव्हाच आवडली.

तिसऱ्या दिवशी सुमतीबाईंना मुंबईला जावं लागलं. आईचं डोळ्याचं ऑपरेशन होतं. मुंबईला जायचं तर ठाण्यावरून वळसा, म्हणून तीन-चार दिवस तरी मोडणार. पनवेलचे डॉक्टर रोज येऊन बघून जाणार होते. निघताना बाई मला म्हणाल्या, "चालवत राहा. खाणं हळूहळू वाढव. कुठं काही चिकटायला नको."

त्यांची पाठ वळली आणि गंगाबाईनं मला गाठलं. "नर्स बाय, ह्ये चिकटायचं काय हाय? मना नीट सांग."

आता सांगा, 'मला माहीत नाही' हे तीन शब्द उच्चारायला काय लागतं? माझ्यानं नाही उच्चारवले. मी म्हटलं, "अहो, चिकट पदार्थ. पोटात ताजी जखम आहे. चिकट खाल्लं की आतडी चिकटणार."

"भात?"

"भात चिकटच की."

"तांदलाची भाकर?"

"उकड काढता ना? ती तर जास्तच."

"पिकलेलं केलं?"

"नको."

"डिंकाचं लाडू केलंत हिच्या आईनं."

"डिंक?" मी कपाळाला हात लावला. "आजी, डिंकानं पाकिटं चिकटवतात."

गंगाबाई हबकली. बिचारीनं विचारलं, "मंग खायाचं काय?"

मी साताऱ्याची. म्हटलं, "बाजरीची भाकरी. ती कशी कोरडी असते. आणि ताक."

साऱ्या बेलापुरात बाजरी मिळेना. गंगाबाईनं मुलाला पनवेलच्या बाजारात पिटाळलं. ती भाकरी तिला थापता येईना, तुकडे पडायचे. मंजुळा ते तुकडे ताकात कालवून मुकाट्यानं गिळायची. दुसऱ्या दिवशी गंगाबाईचं डोकं आणखी चाललं. "बाय, तव्याला त्याल लावलं की भाकर चिकटत नाय. मंग आतून थोरं त्याल लावलं तर?"

मला तर पटलंच. खोबरेल तेल, सकाळ-संध्याकाळ दोन-दोन चमचे.

व्हायचं तेच झालं. मंजुळेला जुलाब लागले. संडास मागच्या आवारात, खाटेपासून चांगली तीस पावलं. पहिल्यांदा माझा हात धरून गेली, दुसऱ्यांदा भिंत धरून, आणि संध्याकाळपर्यंत कशालाच न धरता. पनवेलच्या डॉक्टरांनी तपासलं, टाके बघितले, तेलाचं मी काही बोलले नाही, आणि ते म्हणाले, "वा, छान चालतेय."

गेल्यापासून चौथ्या दिवशी सकाळी सुमतीबाई परत आल्या. मंजुळा आवारातून तुरुतुरु येत होती. बाईंनी चष्मा सारखा केला. "काय गं, हिला इतकं चालवलंस? माझी एकही पेशंट सहाव्या दिवशी अशी चालली नव्हती. शाबास."

आयुष्यात त्यांनी मला पहिल्यांदा शाबास म्हटलं. आणि मी, लाज नाही ती, म्हटलं, "प्रयत्न केले बाई."

ती शाबासकी अर्धा तास टिकली. ओसरीवर बायका बसल्या होत्या तपासून घ्यायला. नेहमीपेक्षा दुप्पट. पहिली आत आली. सातवा महिना, चेहरा उतरलेला, चक्कर येते म्हणाली.

"काय खातेस?"

"ताक."

"भात?"

"भात बंद केलाय ना. तुमच्याच दवाखान्यातून सांगणं आलं. प्वाटात चिकटतो."

दुसरीचं तेच. तिसरीचं पोटाचं काही नव्हतं, तिला नुसता खोकला होता, पण तिनंही भात सोडला होता. गंगाबाई विहिरीवर बोलली होती, विहिरीवरून ते सगळ्या आळीत गेलं होतं. ज्या गावात दोन्ही वेळा भात आणि तांदळाची भाकरी, तिथं दोन-तीन दिवस बायका ताकावर काढत होत्या. मी औषधांच्या कपाटामागे उभी होते. वाटलं, कपाटातच जाऊन बसावं.

बाईंनी मला खोलीत बोलावलं. दार लावून घेतलं. मी सगळं सांगितलं, तेलासकट. त्या म्हणाल्या, "एरंडेल नाही दिलंस हे नशीब. भाजलेल्या माणसाची दोन बोटं एकत्र बांधताना मधे काय ठेवतेस?"

"औषध लावलेली पट्टी."

"नाही ठेवली तर?"

"भरताना एकमेकांना चिकटतील. कातडी गेलेली असते ना."

"पोटात तेच. आतड्यावर, गर्भाशयावर, नळीवर गुळगुळीत अस्तर असतं. ते खरवडलं, कोरडं पडलं, तिथं रक्त साचलं, पावडरीचा कण राहिला, की भरताना शेजारच्याला धरून भरतं. नळी अशी जखडली तर मंजुळेला मूल होणार नाही. म्हणून ओली फडकी, म्हणून हात धुणं. जे करायचं ते टेबलावरच, चालणं नंतरचं. आता सांग, यात भात कुठं आला?"

कुठंच नव्हता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, नोकरी गेली. पण बाई म्हणाल्या, "चूक निम्मी माझी आहे. करते ते का करते, हे मी कधी बोलले नाही. आता पदर खोच, गावात जायचंय."

दुपारी त्या स्वतः माझ्याबरोबर निघाल्या. घरोघरी जाऊन मी सांगायचं, "माझं चुकलं, भात खा." बायका ऐकत, पण विश्वास बसत नसे. शेवटी एका आजीनं भाताचं ताट माझ्यासमोर सरकवलं. "तू खा आधी." खाल्ला. पुढच्या घरी पुन्हा ताट. सहा घरं झाली. सुमतीबाई ओसरीवर उभ्या राहून गंभीर चेहऱ्यानं म्हणायच्या, "अजून एक घास घे, त्यांना नीट दिसू दे."

त्यानंतर बाई टेबलावरसुद्धा बोलू लागल्या. हात धुताना सांगायच्या, फडकं मागताना सांगायच्या. मी जे काही शिकले ते त्या बोलण्यातून. पावडर मग मीच आधी हलकी लावायला लागले, आणि त्यांचे मोजे धुतले गेलेत की नाही, हे त्यांच्याआधी मी बघायची.

दीड वर्षानं मंजुळा आली ती बाळंतपणाला. सरळ, सुखरूप. मुलगी झाली. सुमतीबाईंनी बाळ गंगाबाईच्या हातात दिलं आणि खिडकीशी जाऊन बराच वेळ चष्मा पुसत बसल्या. गंगाबाई रडली, हसली, मग डबा उघडून सुनेसाठी आणलेलं खाणं काढायला लागली. मी पुढे झाले. म्हटलं, "आजी, बाळंतिणीनं खरं म्हणजे..."

गंगाबाईनं हात वर केला. "तू गप. तू काय बी सांगू नको." मग सुमतीबाईंकडे वळून म्हणाली, "डॉक्टरीन बाय, माज्या सुनंच्या प्वाटात तुमी काय चिकटू दिलं नाय, तुमचं लय उपकार. पन या पोरीची जीभ जरा टाल्याला चिकटवता येत असंल तर बघा."

सुमतीबाई माझ्यासमोर कधी हसल्या नव्हत्या. त्या दिवशी खुर्चीवर बसून हसल्या. म्हणाल्या, "गंगाबाई, प्रयत्न मीही करून बघितलाय. हिचं काही चिकटत नाही."