गोष्ट रंगात आली की इंजिन बंद

दिवाळीच्या सुट्टीआधी मी आमच्या व्हॅनकाकांना एक जाडजूड इंग्रजी कादंबरी भेट दिली. रंगीत कागदात गुंडाळून, आत ‘सप्रेम’ लिहून, सोसायटीच्या गेटवर चार पालकांच्या देखत. माझी सातवीतली मुलगी मुग्धा घरी सारखी सांगायची, ‘काकांच्या यंदा पाच कादंबऱ्या झाल्या, त्यांना वाऱ्याला गाठी मारणाऱ्या मुलीची जाम आवडली.’ मी समजलो, माणूस वाचणारा आहे. काकांनी कागद सोडवला, मुखपृष्ठावरचा ड्रॅगन नीट न्याहाळला आणि म्हणाले, “साहेब, इंग्लिश मना वाचता येत नाय. पन यो मरतो का, तेवढा सांगा.”

“मला नाही माहीत,” मी म्हणालो.

“म्हंजे तुमीपन वाचला नाय? मग आपन दोघं सारखेच.”

चारही पालक पोटभर हसले. ड्रॅगन म्हणजे माझ्या लेखी चायनीज हॉटेलच्या पाटीवरचा प्राणी. त्याच्या मरण्याजगण्याची कुणाला काळजी असेल, हे माझ्या गावीही नव्हतं.

व्हॅनकाका इथलेच, नवी मुंबईतल्या बोनकोडे गावचे. वडिलांची भातशेती जिथे होती तिथे आता आमच्यासारख्यांचे सेक्टर उभे होते, आणि काका त्याच जमिनीवरून आमच्या सोसायटीतली तेरा मुलं वाशीच्या शाळेत नेत-आणत. शाळेच्या पुस्तकांपेक्षा जाड पुस्तकं मुग्धाच्या दप्तरात पाहून त्यांनी जूनमध्येच विचारलं होतं, “काय हाय त्यात?” तिने सांगायला सुरुवात केली, आणि दुसऱ्या दिवसापासून ड्रायव्हरशेजारची सीट तिची झाली. ती इंग्रजीत वाचायची आणि मराठीत सांगायची. बाकीची बारा मुलं मागून माना पुढे काढून ऐकायची. खिडकीसाठी होणारी मारामारी बंद झाली. खिडकीजवळ आवाज कमी यायचा ना!

अडचण एकच होती. ती व्हॅन चालायची कमी आणि गरजायची जास्त. त्यामुळे गोष्ट रंगात आली की काका गाडी कडेला घ्यायचे, खाडीकडच्या तळ्यापाशी, आणि चक्क इंजिन बंद करायचे. “हां, आता बोल. दरवाजा उघडला, मग?” दरवाजामागचं राक्षस वगैरे जे काय असेल ते बाहेर येऊन, मारून, किंवा माफ करून झालं, की मगच चावी फिरायची.

गोष्टी ते मुकाट्याने ऐकत नसत. एका राजाने किल्ला बांधायला डोंगर घेतला आणि तिथल्या ड्रॅगनला हुसकून लावलं, त्या दिवशी तर काका खवळलेच. “राजानं डोंगर घेतला, ठीक हाय. पन त्या बिचाऱ्याला साडेबारा टक्के कुठं दिला?” सरकारने घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात गावकऱ्यांना साडेबारा टक्के जमीन परत मिळायची होती, तेव्हाची गोष्ट. काकांच्या घरची फाइल त्याच रांगेत होती. मुग्धाने सांगितलं की पुस्तकात तसं काही नाही. “मग लिवनाऱ्याला जमिनीतला काय कलत नाय,” असा शेरा मारून त्यांनी ती कादंबरी शेवटच्या नंबरावर टाकली.

हो, नंबर असायचे. शाळेच्या शेवटच्या दिवशी वर्षभरातल्या कादंबऱ्यांचा निकाल लागणार, असं त्यांनी जाहीरच केलं होतं. कसोटी साधी. जिच्यापायी इंजिन सगळ्यात जास्त वेळ बंद राहिलं, ती पहिली.

यातलं मला काही ठाऊक नव्हतं. मला एवढंच दिसत होतं की शाळा साडेबाराला सुटते आणि मुलगी कधी एकला येते, कधी दीडला. मी ऑफिसात आस्थापना विभागात. लोकांचे लेटमार्क मांडून माझे केस पांढरे झालेले. जानेवारीपासून मुग्धाच्या आजीला, म्हणजे माझ्या आईला, मी गॅलरीत बसवलं. तिने गाडीची वेळ पाहायची आणि मी संध्याकाळी ती कॅलेंडरच्या मागे लिहायची. तारीख, वेळ, उशीर. खाली दोन रेघा.

मार्चअखेर पालकांची मीटिंग झाली, सोसायटीच्या ऑफिसात. वाशीहून एक नवी मिनीबस यायला तयार होती. काकांना ठेवायचं की बस लावायची, एवढाच विषय. तेरा घरं, तेरा मतं. काकांना बोलावून कोपऱ्यात उभं केलं होतं. हे काम गेलं तर जूनला दुसरी तेरा मुलं कुठून मिळणार, हे ते जाणून होते आणि आम्हीही. मी माझं कॅलेंडर खड्या आवाजात वाचलं. ऑफिसात सुद्धा माझं इतकं कुणी मन लावून ऐकलं नव्हतं.

“बघू जरा,” म्हणून काकांनी कॅलेंडर हातात घेतलं. आकड्यांवरून बोट फिरवता फिरवता त्यांचा चेहरा उजळला. “बारा फेब्रुवारी, तीस मिन्टं. बुडालेल्या शहरातली घंटा वाजली तो दिस. सोला तारीख... यो घोडा.”

“काका, घोडा सतराला!” खिडकीच्या गजांतून एक आवाज आला. बाहेर अख्खी व्हॅन जमली होती.

“सोलाला भेटला, सतराला बोलला,” मुग्धा म्हणाली. माझीच मुलगी, माझ्याच पुराव्यावर टीप देत होती. मग गजांतूनच तळं, बंद इंजिन, नंबर, सगळं एकेक करून आत आलं.

हा घोडा त्या वर्षीचा मानकरी. त्याला आयुष्यात एकदाच खोटं बोलता येणार होतं, आणि ते तो कधी बोलणार याच्या काळजीत तेरा मुलं आणि एक पन्नाशीचा माणूस पाच आठवडे जगत होते. मी लेटमार्क म्हणून जे मांडलं, तो त्या वर्षीच्या उत्तम कादंबऱ्यांचा चोख हिशेब निघाला.

आमचे सेक्रेटरी देशमुख सज्जन माणूस. ते म्हणाले, “अहो, ते सगळं राहू द्या. ‘जूनपासून वेळेवर आणीन’ एवढं फक्त बोला. विषय संपला.”

सगळ्यांना तेच हवं होतं. नुसतं ‘हो’ पुरे होतं. काकांनी कॅलेंडर घडी घालून माझ्या हातात दिलं.

“रोजचा येल पालीन, साहेब. पन दरवाजा अर्धा उघडलेला असताना पोरांना खाली उतरवायचा, ता मना जमनार नाय. खोटा कशाला बोलू?”

“मग मत घ्यावं लागेल,” देशमुख म्हणाले. “मिनीबस पाहिजे त्यांनी हात वर करा.”

मला बोलायचं होतं. खरंच सांगतो. मला म्हणायचं होतं की तीस मिनिटं मुलं कुठे भटकत नाहीत, तळ्याकाठी बसून ऐकतात, आणि माझी मुलगी, जी पाहुण्यांसमोर नावसुद्धा सांगत नाही, ती बारा जणांना खिळवून ठेवते. आणि मीटिंगमध्ये बोलायचं तर आधी परवानगी घ्यायची, ही माझी वीस वर्षांची सवय. मी हात वर केला.

“सात,” देशमुखांनी मोजलं. “सात विरुद्ध सहा. मिनीबस.”

माझा हात वरच राहिला. खाली घेतला तेव्हा लोक चपला शोधत होते. खिडकीतून मुग्धा माझ्याकडे बघत होती. काका जाताना माझ्या खांद्यावर थाप मारून म्हणाले, “टेन्शन नका घेव साहेब.”

एप्रिलात शाळेच्या शेवटच्या दिवशी मी रजा काढली. एक वाजला, दीड वाजला, दोन वाजले. गेटवर आम्ही सगळे पालक उभे होतो, आणि मजा म्हणजे कुणीही घड्याळाबद्दल बोलत नव्हतं. गाडी आली तेव्हा आतली निम्मी मुलं रडत होती आणि निम्मी टाळ्या वाजवत होती. घोडा शेवटी खोटं बोलला होता. आपल्या मालकाला ‘मला घरची वाट ठाऊक आहे’ असं सांगून त्याने त्याला बर्फातून चालतं ठेवलं होतं. काकांनी दरवाजा सरकवला, एकेकाला दप्तरासकट उतरवलं आणि निकाल जाहीर केला. पहिला घोडा, दुसरी घंटा, तिसरी वाऱ्याची पोरगी. मुग्धाला म्हणाले, “वाचत ऱ्हा. आनि मोठ्यानं सांगत जा, हलू नको बोलू.” मग त्यांनी आम्हा सगळ्यांना हात जोडले आणि ती गरजणारी गाडी वळवली.

जिना चढताना मी बायकोला परत एकदा सगळं समजावलं. की तो हात मी मत द्यायला नव्हे, बोलायला वर केला होता, देशमुखांनी घाईत मोजला, मग सगळे उठले, मग राहूनच गेलं.

दुसऱ्या मजल्यावर ती थांबली. म्हणाली, “अहो, हात खाली घेतल्यावरही बोलता येतं. जा, गाडी अजून नाक्यापर्यंतच गेली असेल.”