खोडलेली पावलं

मंगळवारी माझी बायको गेली. अकरा वाजता ती स्वयंपाकघरात चहा पीत होती. मी माझा कप धुवायला उठलो. वळलो, तेव्हा ती गेली होती.

फ्युनरलला सोळा दिवस लागले. त्या दिवसांत मित्रमंडळींचे डबे येत राहिले आणि मी ते परत देण्यासाठी धूत राहिलो. मग सगळे आपापल्या कामाला लागले. मुलगी बेसिंगस्टोकला परत गेली. ती तिथे एका ऑफिसात कॉम्प्युटरचं काम करते. मी तिच्या आईचं टेबल आवरायला घेतलं.

बायको कॉव्हेंट्रीत म्हाताऱ्या माणसांची डॉक्टर होती. हॉस्पिटलातली नोकरी तिला मिळाली होती. मी तिच्यामागे इंग्लंडला आलो आणि सगळी वर्षं एका कॉलेजच्या लायब्ररीत काढली. फोटोकॉपी मशीनवर कॉपीराइटची नोटीस असे. ती वाचायला लावणारा माणूस मीच. अख्खं पुस्तक कॉपी करणाऱ्या विद्यार्थ्यांना मी हळू आवाजात थांबवत असे. बायको म्हणायची, "त्या नोटिशीला एकदा हार घालून या."

टेबलाच्या खणात नऊ वह्या होत्या. मला त्या माहीत होत्या, कारण त्या भरताना मी बरोबर असायचो.

सुरुवात तिच्या एका पेशंटमुळे झाली. खुब्याचं ऑपरेशन झालेल्या एका आजींनी तिला विचारलं होतं, "डॉक्टर, रोज चाला म्हणता. कुठे चालू? आणि बसायला कुठे मिळेल?" हिने घरी येऊन सरकारी नकाशा उघडला. शहराबाहेर शेतांमधून जाणाऱ्या सार्वजनिक वाटा पुष्कळ आहेत. सरकारी नकाशावर त्या तुटक हिरव्या रेघांनी दाखवलेल्या असतात. पण बाक कुठे आहे, कुंपण ओलांडायची लाकडी पायरी किती उंच आहे, काठी घेतलेल्या माणसाला ती जमेल का, हे त्यावर नसतं. तेव्हापासून रविवारी आम्ही निघायचो. ती पावलं मोजायची आणि मी पिशवीत पोळीभाजी घेऊन पुढे चालायचो.

"आज ऊन बरं पडलंय," मी म्हणायचो.

"अहो, तीनशे बारा! बोलू नका ना."

किंवा मागून आवाज यायचा, "बस पकडायचीय का तुम्हाला?" मी उंच आहे. ती माझ्या खांद्याला लागायची.

अशा एकवीस वाटा झाल्या. रिटायर झाल्यावर ती हे सगळं मोकळ्या नकाशावर टाकणार होती. हा नकाशा लोकांनी मिळून भरलेला असतो. तो फोनवर कुणालाही फुकट बघता येतो, कुणालाही वापरता येतो. काठी घेऊन निघालेल्या माणसाला घरातून निघण्यापूर्वी कळावं, की पहिलं बाक किती लांब आहे. एवढंच तिला हवं होतं. ती रिटायर झाली, मग गुडघे, मग मुलीचं बाळंतपण, मग तो मंगळवार.

मी ठरवलं, हे आपण करायचं. तीन आठवडे रोज सकाळी बसून वह्यांतले आकडे टाइप केले. तिने नीट लिहिलं होतं: गेटपासून बाक नव्वद मीटर, बाकापासून पूल दोनशे दहा मीटर. वह्यांबरोबर ट्रेसिंग पेपरही होते, वाटांच्या रेघा काढलेले. ते सगळं मी कॉव्हेंट्रीच्या भागातला मोकळा नकाशा सांभाळणाऱ्या बाईंना पाठवलं. या बाई पूर्वी कौन्सिलमध्ये नकाशांचंच काम करायच्या. त्यांचं उत्तर आलं, की मी येऊन भेटते.

त्या आल्या. मी चहा आणि चिवडा ठेवला. चिवड्याकडे त्यांनी पाहिलंही नाही.

"हे मीटरचे आकडे त्यांनी कसे काढले?" त्यांनी विचारलं.

मला ते आठवत होतं. घरी आल्यावर बायको सरकारी नकाशा टेबलावर पसरायची, वाटेच्या वळणांवर शिवणाचा दोरा ठेवायची आणि मग तो दोरा पट्टीवर मोजायची. रेघा तर नकाशावर कागद ठेवूनच काढलेल्या होत्या.

बाईंनी चष्मा काढला. "मला हे सांगताना फार वाईट वाटतंय," त्या म्हणाल्या. "पण हे आम्हाला घेता येणार नाही. नकाशा सरकारचा असला, तरी त्यावर हक्क आहे, आणि त्याला लायसन्स लागतं. स्वतःसाठी मोजलं तर कुणाचं काही म्हणणं नाही. पण त्यावरून काढलेली रेघ, त्यावरून मोजलेलं अंतर, हे त्यांच्या नकाशातूनच आलेलं धरतात. आम्ही ते सगळ्या जगाला वाटू शकत नाही. एक आकडा असा शिरला, तर उद्या आमचं सगळंच काम संशयात येतं."

"पण सरकारने आता बराच डेटा खुला केलाय ना?"

"बराच. हा नाही." मग त्या जरा हसल्या. "कौन्सिलमध्ये असताना आमच्या वाटांच्या रेघा आम्हालाच मोकळ्या करता येत नव्हत्या. का, तर त्या त्यांच्या नकाशावर काढलेल्या."

मी नकाशाच्या सरकारी ऑफिसातही फोन केला. तिथल्या मुलीने माझं सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदाही तोडलं नाही. तिनेही तेच सांगितलं, आणि शेवटी म्हणाली, "सॉरी फॉर युअर लॉस." मला तिचा राग आला नाही. त्यांची माणसंही चिखलातून चालली आहेत, आणि तो नकाशा फार चांगला आहे. बायकोचा त्यावर जितका विश्वास होता, तितका माझ्यावरही नव्हता.

शनिवारी मुलगी आली. तिला हे सांगितल्यावर ती तडकली.

"बाबा, हू विल नो? मी अपलोड करते. दहा मिनिटाचा काम आहे."

"नाही."

"तुम्ही अजून लायब्ररीत आहात असं वाटतं मला. आईने किती वर्षं चालली!"

"म्हणूनच नाही," मी म्हणालो. "उद्या कुणीतरी ते शोधून काढून टाकलं, तर तिचं म्हणून काय राहील?"

ती भांडी आपटत घासत बसली.

वह्या परत घेण्यासाठी मी बाईंना पुन्हा बोलावलं. त्यांनी चाळायला म्हणून मूळ वह्या नेल्या होत्या. या वेळी मुलगीही घरी होती. बाईंनी पहिली वही उघडली आणि बोट ठेवलं. "मराठी मला वाचता येत नाही. पण हे काय खोडलंय?"

प्रत्येक मीटरच्या आकड्याआधी एक आकडा होता, आणि त्यावर एक आडवी रेघ. शेजारी तिची आद्याक्षरं आणि तारीख. टाइप करताना मी ते सगळे सोडून दिले होते. खोडलेलं म्हणजे चुकलेलं, असं मी धरलं होतं.

मुलगी माझ्या खांद्यावरून वाकली. "दॅट्स हॉस्पिटल नोट्सचा रूल," ती म्हणाली. "एकच लाइन मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, मग सही आणि डेट. माझ्या होमवर्कलासुद्धा व्हाइटनर लावू द्यायची नाही. आठवतं, बाबा?"

आठवत होतं. पेशंटच्या कागदावर काहीही नाहीसं करायचं नसतं, हे ती ज्युनिअर डॉक्टरांना ओरडून सांगायची. घरी वाण्याची यादीसुद्धा ती तशीच खोडायची. खोडलेले आकडे तिच्या पावलांचे होते. शेतात मोजायची, घरी येऊन दोरा लावायची, आणि स्वतःच्या पायांपेक्षा सरकारी कागद खरा धरून आपला आकडा खोडायची.

"हे चालतील," बाई म्हणाल्या. त्यांनी पहिल्यांदाच चिवड्याची मूठ घेतली. "हे त्यांचे आहेत. यावर कुणाचा हक्क नाही. फक्त एक सांगा, त्यांचं पाऊल केवढं होतं?"

चाळीस वर्षं मी तिच्याबरोबर चाललो होतो, आणि मला ते माहीत नव्हतं. मी नेहमी पुढे होतो.

बाईंनीच उपाय सांगितला. पहिल्या वहीतला एक तुकडा घ्यायचा, दोन्ही टोकं पक्की असलेला, आणि फोन खिशात घालून चालायचं. फोन स्वतः अंतर मोजतो, त्याला सरकारी नकाशा लागत नाही. मी गेटपासून पुलापर्यंतचा तुकडा घेतला. मुलगी बरोबर आली. फोनवर तीनशे दोन मीटर आले. वहीत खोडलेली पावलं पाचशे एकवीस. मुलीने भागाकार केला.

"अठ्ठावन्न सेंटिमीटर," ती म्हणाली. मग दोन हात तेवढ्या अंतरावर धरून बघत उभी राहिली.

खात्रीसाठी आम्ही तोच तुकडा शेवटच्या वहीत शोधला. तो तिने गेल्या शरद ऋतूत पुन्हा मोजला होता. तिथे पाचशे ब्याऐंशी पावलं होती. ती खोडून तिने लिहिलं होतं: चुकलं, पाचशे एकवीस पाहिजेत.

चुकलं नव्हतं. पाऊल आखडलं होतं, बावन्न सेंटिमीटरवर आलं होतं. ती म्हाताऱ्या माणसांची डॉक्टर होती. दुसऱ्या कुणाच्या कागदावर हे दोन आकडे दिसले असते, तर तिने त्या माणसाला तपासायला बोलावलं असतं. स्वतःचा आकडा तिने खोडला. तिला कळलं होतं का, हे मला माहीत नाही. त्या रविवारी तिने "हळू चाला" म्हटलं होतं, ते मला आठवतं. ती नेहमीच म्हणायची.

"बाबा, यावरून काही प्रूव्ह होत नाही," मुलगी म्हणाली. तिने माझा हात धरला होता.

मग आम्ही प्रत्येक वहीतला एक तुकडा तसाच चालून त्या वहीचं पाऊल वेगळं काढलं. आता मी आठवड्याला एक वाट चालतो. वहीतल्या पावलांवरून बाकाचा अंदाज येतो, आणि बाक तिथेच असलं तर फोनवर खूण करून बाईंना पाठवतो. एक बाक कुजून गेलं आहे. एका ठिकाणी लाकडी पायरी काढून गेट बसवलं आहे. ते बघून तिला बरं वाटलं असतं. मी सावकाश चालतो, कारण मोजायचं असतं.

एकवीसपैकी चौदा वाटा मोकळ्या नकाशावर आहेत. सात राहिल्या आहेत. वह्या माझ्या टेबलावर आहेत.