मात्राबाई

आमच्या कॉलेजातल्या मराठीच्या बाई कुणाचंही बोलणं ऐकताना टेबलावर बोटं वाजवत मात्रा मोजायच्या. म्हणून पोरं त्यांना मात्राबाई म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं. ‘चारही अक्षरं गुरू, चांगलं वजनदार नाव आहे,’ म्हणायच्या.

दुष्काळाची वर्षं होती. औरंगाबाद चहूकडं वाढत होतं. कॉलेजमागं नव्या वसाहती झाल्या होत्या, नळ मात्र कोरडे. एकदा तासाला बाहेर पोरांचा गलका झाला, ‘आला, आला, टँकर आला!’ बाईंनी तीच ओळ फळ्यावर लिहून मात्रा मोजायला लावल्या. आठ आणि आठ, चोख बसली. मग विचारलं, एकच शब्द तीनदा कशाला?

‘पहिल्या “आला”ला पोरगं बघतं, दुसऱ्याला घरात ओरडतं, तिसऱ्याला हंडा घेऊन पळतं,’ बाई म्हणाल्या. ‘शब्द परत आला की कविता पुढं सरकली पाहिजे. नाही तर खोडा.’ यमकाबाबतही त्यांचं तसंच. आपल्या पायानं आलं तर बसवा, हाताला धरून ओढत आणू नका.

मी पिशोरहून शिकायला आलेली. बोलताना अडायचे, म्हणून मागच्या बाकावर गप्प बसायचे. तोंडी परीक्षा जवळ आली, तशी मी कॉलेज सोडते म्हणून बाईंना सांगायला गेले. ‘मला नाय जमणार’ एवढं म्हणायलाही केवढा वेळ लागला. बाईंनी समजूत काढली नाही. एक कविता वाचायला दिली आणि टेबलावर मात्रा वाजवू लागल्या. मी कुठंच अडले नाही. दोघींनाही नवल वाटलं.

त्यानंतर रोज तास संपला की त्या मला थांबवून घ्यायच्या. आधी कविता, मग त्याच ठेक्यावर साधी वाक्यं. साध्या वाक्यांत मी अडायचेच. एकदा रडू फुटलं, तेव्हा त्या म्हणाल्या, ‘ओळीत मध्ये थांबायची जागा असते, तिला यती म्हणतात. चूक नाही म्हणत. थांब, मग बोल.’

परीक्षेत मी अडले, थांबले, बोलले. पास झाले. आज कोर्टात वकिली करते.

निवृत्तीनंतर बाईंच्या फ्लॅटला पाणी येईनासं झालं. बादल्या घेऊन जिना चढवेना, म्हणून लेकीनं त्यांना पुण्याला न्यायचं ठरवलं. निघायच्या दिवशी मी गेले. सामान रिक्षात ठेवलं, बाई बसल्या. मनात घोकलेलं वाक्य बोलायला गेले आणि पहिल्याच अक्षराला अडले. रिक्षावाला म्हणाला, ‘मॅडम, चलो ना, गाडी निकल जाएगी.’

बाई रिक्षातून खाली उतरल्या.

‘थांबा भाऊ,’ त्या म्हणाल्या, ‘ती बोलतेय.’

लागायचा तेवढा वेळ लागला. ‘बाई, तुमच्यामुळं मी बोलते,’ मी म्हणाले. त्यांनी माझा हात हातात घेतला, आणि मगच रिक्षात बसल्या.