मशीन बिघडली नव्हती

ये वो बाई, जवळ ये. तिकडे दाराशी परक्यासारखी काय बसतेस? वर्षातून एकदा तोंड दाखवतेस, तेही एक पाय बाहेर ठेवून. इथं चटईवर बस. मला जे सांगायचं आहे ते मोठ्यानं सांगता येत नाही. आजवर कोणालाच सांगितलं नाही, तू या गावची नाहीस म्हणून तुला सांगते. नागपूरच्या पोराला नाही, बहिणीला नाही. देवासमोर हात जोडते तेव्हासुद्धा एवढं वगळून बाकीचं बोलते.

थांब, आधी मशीनचं सांगू दे.

मशीन म्हणजे जनरेटर. पेट्रोलवर चालणारा, लाल, पेटीएवढा, वर धरायला दांडा. पोरानं आणून दिला होता. आमच्या इकडे वादळ आलं की लाइन जाते ती कधी कधी दोन-दोन दिवस येत नाही, आणि आई एकटी असते म्हणून. त्यानं दाखवलं तसं शिकले. पेट्रोलची खटकी उघडायची, चोक ओढायचा, दोरी थोडी ताणून बघायची आणि मग एकच झटका. मशीन ठेवायची बाहेर सपरीत, म्हणजे उघड्या ओसरीत, कारण तिचा धूर घरात कोंडला तर माणूस उठत नाही. वायर तेवढी खिडकीतून आत. साठीच्या पुढची बाई दोरी ओढून मशीन चालू करते, हे बघायला अर्धा मोहल्ला आला होता. दसऱ्याला मी तिला हळदकुंकू लावायची. लाइन गेली की बाया मोबाईल घेऊन चार्जिंगला यायच्या, सपरीत बसायच्या, चहा व्हायचा. मला ते फार आवडायचं. नवरा गेल्यापासून माझ्या दारी कोणाचं काही काम पडत नव्हतं ना.

भिंतीपलीकडे कुसुमचं घर. आमची धानाची शेती, ते ढिवर, मासे धरणारे. ती आणि तिचा नवरा देवानंद, दोघांचं पोट तलावावर. आमच्यामध्ये छातीएवढी मातीची भिंत, आणि त्या भिंतीवरून भाजीची वाटी इकडून तिकडे जायची. म्हणजे माझी तिकडे जायची. तिकडची मी घ्यायची, पण — हेही आजच सांगून टाकते — मासोळी नसेल तरी भांडं दोनदा धुवायची.

काही वर्षांमागे त्या दोघांनी मागच्या अंगणात सिमेंटचं टाकं बांधलं आणि जिरे आणले. जिरे म्हणजे माशांचं अगदी बारीक बी. पाण्यात वाकून पाहिलं तर कोणी फोडणीचं जिरं सांडल्यासारखं दिसतं, फक्त ते हलत असतं. ते टाक्यात वाढवायचं, बोटाएवढं झालं की तलावात सोडायचं, दुसऱ्या गावच्या लोकांनाही द्यायचं. आमच्या गावात असं घरी कोणी केलं नव्हतं, सगळे मोठी झालेली बोटुकली बाहेरून आणत. कुसुमनं धाडस केलं. टाक्यात हवेचा छोटा पंप, दिवसरात्र बुडबुडे. तो थांबला की त्या जिवांना श्वास नाही.

आषाढ होता. आभाळ भरलेलं, पण वारा नाही. अंगाला चिकटणारा उकाडा. सकाळी चहा होतो न होतो तोच डीपी उडाली, सगळं गाव बंद. आणि दोन मिनिटांत कुसुम माझ्या दारात. ओले हात, पदर खोचलेला.

“काकू, मशीन द्या वो तुमची. पंप बंद पडला. जिरे वर तोंड काढून राहिले.”

मशीन सपरीत, चादरीखाली. टाकी भरलेली. आदल्या आठवड्यात मीच चालवून पाहिली होती.

मी म्हटलं, “बिघडली वो बाई. चालूच होऊन नाही राहिली.”

“हे पाहतील काय दोरी ओढून?”

“नको नको, अजून बिघडन.”

ती तशीच पळाली. बस, एवढंच झालं. एवढंच? मी वर्षानुवर्षं मनाला हेच सांगत आले, की एवढंच झालं.

काहून बोलले मी असं? त्या वेळी मनाला सांगितलं, नाजूक वस्तू आहे, पाण्याजवळ ठेवतील, शॉक लागेल. मग सांगितलं, पोरगा रागावेल. खोटं. पोरगा कशाला रागावतो! महिनाभराआधी एका बारशाला मी मिरवत मशीन नेली होती आणि ती ऐन पाळण्याच्या वेळी खोकून बंद पडली. तेव्हा कुसुम म्हणाली होती, “काकूची मशीन त सासूसारखी आहे वो, आवाजच लय, उजेड काही नाही!” सगळ्या बाया हसल्या. मीही हसले. घरी येऊन मात्र जेवले नाही. तर तो राग होता का? होता. पण तेवढाही नव्हता.

खरं असं आहे — ती दारात ओल्या हातांनी उभी होती, आणि मला बरं वाटलं. धिटुकली, टाकं बांधणारी, चारचौघींत हसवणारी कुसुम. तिचं आज माझ्यावाचून अडलं आहे आणि ‘नाही’ म्हणणं माझ्या हातात आहे, हे मला गोड लागलं. आणि त्याच्याही खाली होतं ते दोनदा भांडं धुणं. माझी कुंकू लावलेली मशीन त्यांच्या मासोळीच्या अंगणात? बघ, बोलून टाकलं.

ती गेल्यावर मी काय केलं माहीत आहे? कोणी तपासायला आलं तर पकडली जाईन म्हणून चादर उचलली आणि प्लगवरची टोपी ओढून काढली. आता मशीन खरंच चालू होणार नव्हती. माझ्या बोलण्याला पुरावा झाला.

मग पलीकडून आवाज सुरू झाला. छपाक, छपाक. पंप नाही तर हातानं हवा घालत होते ते. बादलीनं पाणी उचलायचं, उंचावरून सोडायचं. देवानंद, कुसुम, तिची म्हातारी सासू, आळीपाळीनं. मी तांदूळ निवडत होते. छपाक. मी जेवले. छपाक. मी पडले जरा, डोळे मिटले. छपाक. कितीदा उठून सपरीपर्यंत गेले असेन. टोपी बसवायला किती वेळ लागतो? चिमूटभर. पण आता चालू केली तर आवाज साऱ्या मोहल्ल्याला जाईल ना, आणि मी खोटी ठरेन. म्हणून परत फिरले.

दुसऱ्या दिवशी दुपारी आवाज थांबला. मी भिंतीवरून पाहिलं. पाण्यावर पांढरा थर होता. कुसुम मच्छरदाणीच्या तुकड्यानं तो गोळा करत होती, दुधावरची साय काढावी तशी, हळूहळू. रडत नव्हती. तिनं मला पाहिलं आणि म्हणाली, “गेले वो काकू.”

लाइन अजूनही आली नव्हती. आणि तिसऱ्या दिवशी सकाळी देवानंद मोटरसायकलवर मागे एका म्हाताऱ्या मिस्त्रीला बसवून आला. अड्याळहून. माझ्या दारात!

“कुसुम म्हणे, काकू दोन दिसापासून उकाड्यात बसून आहेत. मशीन पाहून घ्या म्हटलं एकदा.”

ज्याचं सगळं टाकं मेलं होतं तो माणूस माझ्या पंख्यासाठी मिस्त्री घेऊन आला होता. मिस्त्रीनं चादर काढली, वाकला, लोंबणारी टोपी प्लगवर दाबली, दोरी ओढली. एका झटक्यात मशीन भडभड करत चालू. मिस्त्रीनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं.  देवानंदच म्हणाला, “उंदरानं वढलं असन.”

मी म्हटलं, “हो रे बाबा, उंदीर लय झाले.”

कुसुम भिंतीवरून डोकावली. भिंतीवर टेकलेले तिचे हात मला दिसले. पाण्यात राहून बोटं पांढरी पडली होती, कातडी सुटली होती. म्हणाली, “झाली काय वो चालू? बरं झालं माय.” आणि आठ दिवसांनी मला एक मांजरीचं पिल्लू आणून दिलं. उंदरांसाठी.

टाकं त्यानंतर रिकामंच राहिलं. पुन्हा हिंमत झाली नाही त्यांची. देवानंद वरठीला कारखान्यात ठेकेदाराकडे लागला, पहाटे जातो, अंधार पडल्यावर येतो. तलावाचा माणूस, आता लोखंड उचलतो. टाक्यात कुसुम छपराचे कवेलू ठेवते.

मागच्या वर्षी मला राहवलं नाही. वाटलं, सांगून टाकावं. तिला घरी बोलावलं, समोर बसवलं, तोंड उघडलं — आणि तोंडातून निघालं, “कुसुम, ती मशीन तूच घेऊन जा. माझ्यानं दोरी ओढवत नाही आता.” खोटं, बाई. दोरी अजून ओढवते मला. भित्री मी! वस्तू दिली की बोलायचं राहिलं तरी चालेल, असा हिशेब केला. कुसुमच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या पाया पडली ती. मी पाया पडू दिलं. मग तिनं साऱ्या मोहल्ल्यात सांगितलं, काकूचं मन किती मोठं. मी तेही ऐकून घेतलं.

आता लाइन गेली की पलीकडे मशीन चालू होते, आणि कुसुम स्वतःचा दिवा लावायच्या आधी ओरडते, “काकू, वायर फेकली वो, धरा!” मी धरते. पंखा सुरू होतो. मी त्याखाली बसते.

आता गेलीस की लवकर परत ये वो बाई, या पंधरा दिवसांतच ये. गल्लीच्या तोंडाशी आधी कुसुमचं घर लागतं, आज तू तिला न भेटताच सरळ आलीस. ती तुला थांबवेल, पाणी देईल, आणि माझ्या मोठ्या मनाची गोष्ट सांगेल, सगळ्यांना सांगते. तिला मधे तोडू नकोस. पूर्ण ऐक, आणि मग माझ्याकडे ये.